पुस्तक आपोआप उघडते ते पान

अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे पालक समुपदेशक म्हणून माझ्याकडे ज्या काळज्या घेऊन येतात, त्यांतली एक काळजी सांगताना ते स्वतःच थोडे ओशाळतात. मूल तासन्‌तास मोबाइलवर असते हे सांगताना कुणी ओशाळत नाही. पण मूल पुस्तक वाचते, फार वाचते, तेच ते वाचते आणि वाचून रडते, असे सांगताना आपण तक्रार करतो आहोत की कौतुक, याचा त्यांनाच उलगडा होत नसतो. मोठे होण्याबद्दलच्या, मैत्री जुळण्या-तुटण्याबद्दलच्या ज्या कादंबऱ्या या वयासाठी लिहिल्या जातात, त्या मुलांना वेळेआधी मोठे करतात का, उदास करतात का, आणि तशी शंका आली तर पुस्तक काढून घ्यावे का, असा तो प्रश्न असतो. एका मुलीच्या निमित्ताने मी त्याचे उत्तर लिहिते आहे. तिची व तिच्या घरच्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्या कादंबरीचे नावही मुद्दाम सांगत नाही, कारण नाव सांगितले की काही पालक ती विकत आणतात आणि काही ती लपवून ठेवतात, आणि मला यांतले काहीच नको आहे.

पहिल्या भेटीला आई-वडील दोघेही आले होते. मुलीला आणले नव्हते. आईने खुर्चीत बसण्याआधीच पिशवीतून पुस्तक काढून माझ्या टेबलावर ठेवले. साडेअकरा वर्षांची एकुलती एक मुलगी, अभ्यासात बरी, स्वभावाने बोलकी. पण गेले तीन-चार महिने शाळेतून आली की ती खोलीत जाते, हेच पुस्तक घेऊन बसते, कधी वाचता वाचता डोळे पुसताना दिसते आणि विचारले तर ‘काही नाही’ म्हणते, असे आईने सांगितले. सुरुवातीला घरात वाचनाचे कौतुकच झाले होते. मग एकदा मुलगी अंघोळीला गेलेली असताना आईने पुस्तक चाळले, तर नायिकेच्या वर्गातल्या एका मुलीला पाळी आल्याची कुजबुज असलेले पान तिच्या नजरेस पडले, आणि आणखी थोडे पुढे गेल्यावर नायिका आईशी सरळसरळ खोटे बोलते तो प्रसंग. त्याच संध्याकाळी पुस्तक कपाटाच्या वर गेले. मुलीने हट्ट केला नाही, आदळआपट केली नाही, पुस्तक कुठे आहे असेसुद्धा विचारले नाही. आठवडाभराने वर्गशिक्षिकांनी बोलण्याच्या ओघात सांगितले की ती रोज मधल्या सुट्टीत शाळेच्या ग्रंथालयात बसते. तिथे ती काय वाचते याची चौकशी केल्यावर निघाले ते हेच पुस्तक.

“तेव्हा मात्र मी घाबरले, मॅडम,” आई म्हणाली. “वाचते म्हणून नाही, लपवून वाचते म्हणून. आमच्यात लपवाछपवी कधीच नव्हती.”

लपवण्याची सुरुवात कपाटाच्या माथ्यावरून झाली होती, हे मी त्या वेळी बोलले नाही. काही गोष्टी पालकांच्या आपल्याआपण लक्षात येऊ द्याव्या लागतात.

वडिलांना हा सगळा प्रकार जरा अतीच वाटत होता. “आम्ही लंपनच्या गोष्टी वाचल्याच की,” ते म्हणाले. “तोही आईवडिलांपासून लांब राहतो, सुमीवरून कासावीस होतो. आम्हाला काही झालं नाही.” त्या गोष्टी कितव्या वर्षी वाचल्या असे मी विचारले, तेव्हा ते थोडे थांबून म्हणाले, “नोकरीला लागल्यावर,” आणि आम्ही तिघेही हसलो. प्रकाश नारायण संतांचा लंपन शाळकरी मुलगा असला, तरी मोठी माणसे त्याला वाचतात तेव्हा मागे वळून पाहत असतात. ते दिवस सरले आणि आपण त्यांतून पार पडलो, हे त्यांना ठाऊक असते. साडेअकरा वर्षांच्या मुलीला ते ठाऊक नसते. कादंबरीचा शेवट तिला पाठ झालेला असला तरी तिच्या स्वतःच्या वर्षाचा शेवट काय होणार हे कळलेले नसते, आणि मला वाटते, एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्यामागे पुष्कळदा हेच असते: ज्या गोष्टीचा शेवट माहीत आहे, तिच्यात बसून, ज्या गोष्टीचा शेवट माहीत नाही तिच्याकडे पाहता येते.

“तुम्ही किती वाचलंत?” मी आईला विचारले.

“जे वाचायला हवं होतं तेवढं वाचलं,” ती म्हणाली. ती तीन पाने होती.

मी पुस्तकाची पाठ टेबलावर टेकवली आणि दोन्ही बाजूंची पाने सोडून दिली. खूप वाचलेले पुस्तक असे सोडले की ते जिथे सर्वांत जास्त वेळा उघडले गेले असेल तिथे आपोआप उघडते, कारण तिथली शिवण सैल झालेली असते. यात मानसशास्त्राचे काही नाही. ग्रंथालयात काम करणाऱ्या कुणालाही हे माहीत असते. आईची अपेक्षा होती की ते पाळीच्या पानावर उघडेल. ते उघडले त्याच्या चाळीसएक पाने पुढे. तिथे नायिका शाळेच्या बसमध्ये शेजारच्या जागेवर दप्तर ठेवून मैत्रिणीसाठी जागा धरते. मैत्रीण बसमध्ये चढते, हिच्याकडे पाहून हसते, हात हलवते आणि मागच्या मुलींमध्ये जाऊन बसते. नायिका दप्तर उचलत नाही, कारण उचलले तर आपण कुणासाठी तरी जागा धरली होती हे सगळ्यांना कळेल. त्या पानाच्या खालच्या कोपऱ्याला बोटांचा मळकट डाग पडला होता आणि कागद किंचित फुगला होता, ओला होऊन वाळलेला कागद फुगतो तसा.

आईने ते पान उभ्यानेच वाचले. मग ती बसली.

“तिची ती मैत्रीण हल्ली आपल्याकडे येत नाही, नाही का?” वडील तिला म्हणाले.

“परीक्षा होती ना मध्ये,” आई म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही. परीक्षा होऊन दोन महिने झाले होते.

ज्या पानाची पालकांना भीती वाटते ते पान आणि ज्या पानावर मूल अडून बसलेले असते ते पान, ही बहुतेक वेळा निराळी असतात. पुस्तक काढून घेतले तर मुलाची व्यथा जात नाही. फक्त ती नेमकी कोणत्या पानावर आहे हे समजण्याची वाट बंद होते.

पालकांची ही भीती नवी नाही. जूडी ब्लूम या अमेरिकन लेखिकेची ‘आर यू देअर गॉड? इट्स मी, मार्गारेट’ ही कादंबरी १९७० साली आली. तिची नायिका बाराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आहे. नवे घर, नव्या मैत्रिणी, आपले शरीर इतरींसारखे कधी बदलणार ही हुरहुर आणि कोणता धर्म आपला मानावा हा प्रश्न, असा तिचा व्याप आहे. लेखिकेने स्वतःच्या मुलांच्या शाळेला या पुस्तकाच्या प्रती भेट दिल्या, तेव्हा पाळीचा उल्लेख असल्यामुळे मुख्याध्यापकांनी त्या ग्रंथालयात ठेवू दिल्या नाहीत, असे तिने पुढे सांगितले आहे; नंतरही अनेक शाळांमध्ये आणि ग्रंथालयांमध्ये या पुस्तकावर आक्षेप घेतले गेले. असे आक्षेप बहुधा शरीराबद्दलच्या पानांवर असतात. मैत्रीण दुसरीकडे जाऊन बसते त्या पानावर कुणी बंदी मागितल्याचे मी ऐकलेले नाही, आणि माझ्यासमोर बसून मुले रडतात ती बहुतेक त्याच पानावर.

मी आई-वडिलांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, पुस्तक मुलीच्या हातात परत द्यायचे आणि त्यासोबत ‘मी ते काढून ठेवायला नको होतं’ एवढे एकच वाक्य बोलायचे, त्याला ‘पण’ जोडायचा नाही. दुसरी, आईने ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. ‘पण’ न जोडणे हे दोहोंतले अवघड काम आहे, हे आईला घरी गेल्यावर कळले.

पुढच्या आठवड्यात मुलगी आली ती पुस्तक छातीशी धरूनच. मधल्या काळात मी ती कादंबरी मिळवून पूर्ण वाचली होती. मुलाच्या आवडत्या पुस्तकाबद्दल ते न वाचता बोलायचे नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे, कारण मुलांना ते अर्ध्या मिनिटात ओळखता येते.

“आई म्हणाली, तुम्हीपण हे वाचलंय.”

“वाचलं. मला शेवट काही आवडला नाही.”

“मलापण नाही,” ती पटकन म्हणाली आणि खुर्चीत जरा सैलावली. शेवटी त्या दोघी पुन्हा एकत्र येतात ते तिला खोटे वाटत होते. “आणि ती मूर्ख आहे. एवढं रडत बसण्यापेक्षा सरळ विचारायचं ना.”

“काय विचारायचं?”

“की मी काय केलं.”

इथे मी चूक केली. इतकी वर्षे हे काम करूनही मोह आवरला नाही आणि मी विचारले, “तुझ्या बाबतीतही असं काही झालंय का?” तिने पुस्तक मिटले, दप्तरात घातले आणि दप्तराची चेन शेवटपर्यंत ओढली. उरलेली वीस-पंचवीस मिनिटे ‘हो’, ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ या तीन उत्तरांवर गेली.

नायिकेबद्दल बोलताना मूल स्वतःबद्दल बोलत असते, हे ऐकणाऱ्यालाही कळत असते आणि पुष्कळदा मुलालाही; पण ते उघड बोलून दाखवायचे नाही, असा त्या बोलण्याचा अलिखित करार असतो. कादंबरीतली मुलगी मूर्ख आहे असे म्हणता येते, तिचा राग करता येतो, तिला सल्ला देता येतो, आणि हे सगळे करताना स्वतःला काही कबूल करावे लागत नाही. हा आडोसा मी एका प्रश्नाने काढून घेतला होता. घरी पालकांच्या हातूनही नेमके हेच होते. मूल जेमतेम पुस्तकाबद्दल दोन वाक्ये बोलते, तोच आई किंवा बाबा उत्साहाने म्हणतात, ‘बघ, अगदी तुझ्यासारखंच आहे!’

पुस्तकांनी मन हलके होते हे मी मानते. पण पुस्तक औषधासारखे देता येते यावर माझा फारसा विश्वास नाही. ‘बिब्लिओथेरपी’, म्हणजे ग्रंथोपचार, हा शब्द १९१६ साली सॅम्युएल मॅकॉर्ड क्रॉदर्स या धर्मोपदेशक-निबंधकाराने ‘द अटलांटिक मंथली’ या मासिकात वापरला. त्याचा तो निबंध खेळकर आहे, आणि त्यातला एक गृहस्थ आलेल्या माणसांना औषधांऐवजी पुस्तके लिहून देतो. पुढे रुग्णालयांनी, ग्रंथपालांनी आणि आम्हा समुपदेशकांनी तो शब्द गंभीरपणे उचलला, आणि त्या गंभीरपणात मूळचा खेळकरपणा हरवला. मी स्वतः एकदा एका बुजऱ्या मुलाला बुजऱ्या नायकाची कादंबरी मोठ्या विश्वासाने दिली होती. पंधरा दिवसांनी त्याने ती परत आणली, खूण नवव्या पानावर होती, आणि तो म्हणाला, “मी असा नाहीये.” आपल्याला दुरुस्त करण्यासाठी हे पुस्तक निवडले आहे, हे त्याला नऊ पानांत समजले होते. मुलाने स्वतः शोधलेले पुस्तक आणि आपण त्याच्या दुखण्यावर शोधून दिलेले पुस्तक यांत हा फरक राहतोच.

तिसऱ्या भेटीत मी मुलीला आधी सांगून टाकले, “मागच्या वेळी मी मध्येच घुसले. आपण पुस्तकाबद्दल बोलत होतो, ते सोडून मी भलतंच विचारलं.” तिने मान हलवली. माफी तिला रास्तच वाटली असावी. मग मी मला खरोखर पडलेला प्रश्न काढला. “त्या मैत्रिणीचं मला काही कळलंच नाही. ती काय विचार करते ते पुस्तकात कुठेच नाही.”

“कारण पुस्तक तिचं नाहीये.”

“आणि तिचं असतं तर?”

ती बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिली. मी टेबलावरचे कोरे कागद तिच्या बाजूला सरकवले आणि दुसऱ्या कशाला तरी हात घातला. लिही असे म्हणाले नाही. ते कागद ती घरी घेऊन गेली आणि पुढच्या वेळी चौघडी करून आणलेली दोन पाने तिने माझ्यासमोर ठेवली. बसमध्ये मागे जाऊन बसणाऱ्या मैत्रिणीच्या तोंडून तिने लिहिले होते. त्यातला काही भाग तिच्या आणि तिच्या आईच्या परवानगीने देते आहे.

‘मला माहीत होतं की तिने जागा धरली आहे. पण तिच्याजवळ बसलं की ती लगेच आमचा खेळ सुरू करते. खिडकीतून जी माणसं दिसतात त्यांच्या गोष्टी बनवायच्या, असा तो खेळ आहे. ती मोठ्याने बोलते. मागच्या मुली ऐकतात. मला लाज वाटते. आणि मला तो खेळ अजून आवडतो हे त्यांना कळलं तर?’

त्याच्या खाली, शाई बदलून, म्हणजे बहुधा दुसऱ्या दिवशी, लिहिले होते: ‘मला पाळी आली ते मी तिला सांगितलं नाही. तिला काहीच कळत नाही. मागच्या मुलींना आधीच आली आहे.’

कादंबरीत त्या मैत्रिणीला पाळी आल्याचा उल्लेखच नाही. ती कुजबुज वर्गातल्या दुसऱ्याच मुलीबद्दल आहे. माझ्या ते लक्षात आले आणि या वेळी मी गप्प बसले. कागदाच्या घडीवरून बोट फिरवत ती म्हणाली, “हे पुस्तकात नाहीये.”

“नाहीये,” मी म्हणाले.

“आमच्या वर्गात आहे.”

मग सगळे आले. पहिलीपासूनची मैत्रीण. तिला सुट्टीत पाळी आली. तिने ते दोघींना सांगितले, त्यांनी आणखी दोघींना, आणि हिला ते पाचव्या कुणाकडून तरी कळले. “मला त्याचं काही नाही,” ती म्हणाली. “आईने मला मागच्या वर्षीच सगळं सांगितलंय. पण मला सगळ्यांत शेवटी कळलं.” तेव्हा आई अगदीच चुकली नव्हती, मुलीला पाळीच्या पानाशीही कर्तव्य होते, फक्त ते आईला वाटले त्यापेक्षा वेगळे होते.

इथे शरीराचा हिशेब थोडा समजून घ्यायला हवा. मुलींमध्ये वयात येण्याच्या खुणा साधारणपणे ८ ते १३ या वयात केव्हाही दिसू लागतात, मुलांमध्ये ९ ते १४ या वयात. आणि मुलींना पहिली पाळी बहुधा स्तनांची वाढ सुरू झाल्यानंतर दोन-अडीच वर्षांनी येते. याचा अर्थ असा की एकाच वर्गातल्या, एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलींमध्ये शरीराच्या घड्याळाचे अंतर काही वर्षांचे असू शकते आणि तरीही दोघींचे सगळे वेळच्या वेळीच चाललेले असते. जिचे शरीर आधी बदलते तिला जुन्या खेळांची लाज वाटू लागते, जिचे बदललेले नसते तिला आपण मागे राहिलो असे वाटते, आणि दोघींपैकी एकीलाही ते शब्दांत सांगता येत नाही. मैत्री तुटण्याची जी प्रकरणे या वयात माझ्याकडे येतात, त्यांत भांडण झालेलेच नसते अशी पुष्कळ असतात.

आणि हे वय मैत्रीच्या दृष्टीने साधे नाही. हॅरी स्टॅक सलिव्हन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाचा जो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९५३ साली प्रसिद्ध झाला, त्यात किशोरवयाच्या अगदी आधीच्या या टप्प्याला त्याने मोठे स्थान दिले आहे. या वयात मुलाला एक जिवाभावाचा सवंगडी मिळतो आणि दुसऱ्या कुणाचे तरी सुख आपल्या सुखाइतकेच महत्त्वाचे वाटण्याचा अनुभव ते प्रथमच घेते, असे त्याचे म्हणणे होते. मुलांची मैत्रीविषयीची समज वयानुसार कशी बदलते याची मांडणी रॉबर्ट सेलमन यांनी केली, त्यातही एक टप्पा गुपिते वाटून घेणाऱ्या घट्ट आणि काहीशा मालकी हक्काच्या मैत्रीचा आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे गुपित आधी दुसऱ्यांना सांगितले जाणे ही त्या मुलीच्या लेखी किती मोठी फितुरी होती ते समजते, आणि ‘त्यात काय, दुसऱ्या मैत्रिणी मिळतील’ हे मोठ्यांचे वाक्य तिच्या कानांना कसे लागत असेल तेही.

तिला कुणी मुद्दाम त्रास देत नाही ना, हे मी स्वतंत्रपणे आणि सरळ शब्दांत विचारून घेतले. कुणी चिडवते का, वस्तू लपवते का, सगळ्या मिळून बोलणे बंद करतात का, मोबाइलवर काही लिहितात का? तसे काही नव्हते. असते तर पुस्तकाच्या आडोशाने बोलत बसणे चुकीचे ठरले असते. तिथे शाळेला सोबत घेऊन तो त्रास आधी थांबवावा लागतो. तसेच मूल शाळेत जायचे टाळू लागले, झोप आणि भूक बिघडली, पूर्वी आवडणाऱ्या सगळ्याच गोष्टींतून मन उडाले आणि ते दोन-तीन आठवडे तसेच राहिले, किंवा जगणे नको झाल्याचे शब्द त्याच्या तोंडी आले, तर कादंबरीचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब तज्ज्ञांकडे जावे. या मुलीची झोप, भूक आणि शाळा ठीक होती. तिचे फक्त मन दुखावले होते.

मुलग्यांचे पालक ही काळजी घेऊन माझ्याकडे क्वचितच येतात. मुलग्यांच्या हाती बहुधा साहसकथा दिल्या जातात आणि मैत्रीच्या गोष्टी मुलींच्या मानल्या जातात, एवढेच त्याचे कारण आहे. जिवलग मित्र दुरावल्यावर मुलगेही रडतात, पण त्यांनी कुठे रडायचे, याची सोय आपण फारशी करून ठेवलेली नाही.

मधल्या एका भेटीत आईने मला विचारले होते, “पण मुळात इतकी रडवणारी पुस्तकं मुलांसाठी लिहायचीच कशाला?” मी तिला कॅथरीन पॅटरसन यांच्या ‘ब्रिज टू टेराबिथिया’ या कादंबरीची हकीकत सांगितली. एका मुलाची आणि मुलीची मैत्री आणि त्यांतल्या एकीचा मृत्यू, असा विषय असलेली ती कादंबरी १९७७ साली आली. त्याआधी, १९७४ साली, लेखिकेच्या आठ वर्षांच्या मुलाची मैत्रीण वीज अंगावर पडून गेली होती, आणि त्या घटनेचा काही अर्थ लागतो का हे पाहता पाहता ते पुस्तक घडले. त्या घरात दुःख आधी आले होते आणि पुस्तक नंतर. आईने ऐकून घेतले, पण तिचे पूर्ण समाधान झाले असे मला वाटले नाही, आणि तिने ते लपवलेही नाही. तोवर तिचे पुस्तक अर्धेच वाचून झाले होते.

पूर्ण वाचून ती आली तेव्हा मात्र तिचा सूर निराळा होता. “ती आई बघितलीत का तुम्ही, त्या पुस्तकातली?” तिने मला विचारले. “प्रत्येक वेळी एकच वाक्य. गृहपाठ झाला का? मी मोजलं, अकरा वेळा.” मग जरा थांबून म्हणाली, “ती खोटं बोलते ना, त्याच्या आधीच्या पानावर ती आईला सांगायला गेलेली असते. दारात उभी असते. आई मान वर न करता विचारते, गृहपाठ झाला का. ती हो म्हणते आणि परत जाते. ते पान मी आधी वाचलंच नव्हतं. मी एकदम पुढचं वाचलं होतं.”

असे बोलणे घरी मुलीशी व्हावे म्हणून मी तिला काही साध्या गोष्टी सुचवल्या. ‘यातून तू काय शिकलीस’ हे विचारायचे नाही. तो प्रश्न ऐकला की पुस्तकाचा धडा होतो. नायिकेऐवजी कडेच्या पात्राबद्दल विचारायचे. आपल्याला काय आवडले नाही ते मोकळेपणी सांगायचे, म्हणजे मुलालाही नावडते सांगण्याची मुभा मिळते. समोरासमोर बसवून बोलण्यापेक्षा हात कशात तरी गुंतलेले असताना बोलायचे. आणि मूल पुस्तकातून स्वतःकडे आले तर येऊ द्यायचे, ओढायचे नाही. आईला स्वतःच्या बाराव्या वर्षी दुरावलेली एक मैत्रीण आठवली होती आणि ती गोष्ट मुलीला सांगावी असे तिला फार वाटत होते. मी म्हटले, जरूर सांगा, पण तिने विचारल्यावर. मुलीने विचारले ते तीन आठवड्यांनी.

मैत्रीचे पुढे काय झाले, तर कादंबरीत झाले तसे काही झाले नाही. मैत्रीण मागेच बसते. एकदा ती दोन थांब्यांपुरती शेजारी येऊन बसली, खिडकीतून दिसणाऱ्या एका छत्रीवाल्या माणसाबद्दल काहीतरी बोलली आणि उठून गेली, असे मुलीने मला सांगितले आणि त्यावर स्वतःचे मत दिले नाही. मधल्या सुट्टीत ती अजूनही ग्रंथालयात जाते, पण हल्ली तिच्यासोबत वर्गातली आणखी एक मुलगी असते, जी मुख्यतः प्राण्यांची पुस्तके वाचते आणि जिला कादंबऱ्या कंटाळवाण्या वाटतात.

शेवटच्या भेटीत तिने ते पुस्तक आणले होते. आईकडून तिला आमच्या पहिल्या भेटीतला प्रकार कळला असावा, कारण तिने पुस्तकाची पाठ टेबलावर टेकवली, माझ्याकडे पाहिले आणि पाने सोडून दिली. ते बसच्या पानावर उघडले नाही. ते त्याच्या बरेच आधी, नायिका दारात उभी आहे आणि आई मान वर न करता प्रश्न विचारते, तिथे उघडले.

“आईने इथे उपडं घालून ठेवलं होतं, रात्रभर,” ती वैतागून म्हणाली. “खूण घालतात हे तिला माहीतच नाही. शिवण तुटली, बघा.”

तिने दोन्ही तळव्यांनी पाने आवळून पुस्तक मिटले, आणि ते पुन्हा तिथेच उघडते का, हे पाहायला आणखी एकदा सोडले.